बाग तुमची, पण बसायचे कुठे?

आपल्या बागेत निवांत बसून तुम्हांला किती दिवस झाले? बाग म्हणजे बंगल्याभोवतीची हिरवळच हवी असे नाही. मागच्या दारी अळू, गवती चहा, कढीपत्ता, जास्वंद आणि एखादे लिंबाचे झाड असेल, गच्चीवर जुन्या डब्यांतून मिरच्या नि शेवंती लावली असेल, किंवा गॅलरीत दहा कुंड्या असतील, तरी ती बागच. पाणी घालताना तुम्ही उभ्या असता, तण काढताना उकिडव्या, पालापाचोळा गोळा करताना ओणव्या. बसणे यात कुठे येतच नाही.

आम्ही पाच-सात जणी महिन्यातून एकदा जमतो. नाव भिशीचे, पण पैसे मोजून झाले की बोलणे कलमांवर, खतांवर आणि रोपांच्या देवघेवीवर घसरते. मागच्या खेपेला विषय निघाला बागेतल्या बैठकीचा, आणि चहा दोनदा टाकावा लागला. त्यातले कामाचे तेवढे तुमच्यापुढे मांडते.

सुरुवात केली एका वहिनींनी. त्यांच्या यजमानांनी मोठ्या हौसेने फाटकाजवळ बाक बांधून घेतला आहे. घोटीव काळा कडाप्पा, पाठीला टेकायची सोय, बाजूला कण्हेर. "वर्ष झालं, मी त्याच्यावर दोनदा बसले असेन," वहिनी म्हणाल्या. "तिथं बसलं की रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारतो, काय वहिनी, आज निवांत? जसं काही माझी चोरीच पकडली! मग उठावंच लागतं."

आम्ही सगळ्या हसलो, आणि हसून झाल्यावर जरा गप्पही झालो. घरोघरी तेच आहे. पुढचा बाक पेपर वाचायला आणि आल्यागेल्याला बसवायला. बाईची बैठक म्हणजे मागच्या दाराचा उंबरठा, नाहीतर धुण्याचा दगड. उंबरठ्यावर बसू नये म्हणून सासूबाई ओरडतात ते आणखी वेगळेच.

तेव्हा बाक, कट्टा, ओटा काय करायचे ते मागाहून ठरवा. ती बैठक कोणासाठी, हे आधी ठरवा. तुमच्यासाठी असेल तर जागा तुमच्या वेळेची हवी आणि उंची तुमच्या गुडघ्याची हवी. गवंड्याला आणि घरच्या मंडळींना या दोन गोष्टी तुम्ही सांगितल्याशिवाय सुचणार नाहीत.

आधी वेळ पाहू. आपल्यातल्या बहुतेकींना मोकळा मिळतो तो दुपारचा तीन ते चारचा तास. झाकपाक झालेली असते, मुले शाळेतून यायची असतात, चहाचे आधण अजून ठेवायचे असते. मग त्या वेळी सावली कुठे असते ते बघा. चार विटा घ्या आणि साडेतीनच्या सुमारास जिथे सावली असेल तिथे तिच्या चार कोपऱ्यांवर ठेवून या. आठवडाभर रोज पाहिलेत की जागा आपोआप कळते. साधारणपणे घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत दुपारनंतर सावली येते, पश्चिमेची भिंत मात्र संध्याकाळपर्यंत तापत राहते. उत्तरेची बाजू उन्हाळ्यात बरी वाटते, पण थंडीत तिथे दिवसभर उन्हाची तिरीप येत नाही आणि फरशी गार पडते. भर उन्हाळ्यात दुपारी बाराच्या सावलीवर विसंबू नका. मे महिन्यात एक दिवस असा येतो की मध्यान्हीला सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही. कोल्हापूरला हा दिवस पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईला महिन्याच्या मध्यावर आणि नागपूरला अखेरच्या आठवड्यात येतो. त्या दिवसांत भिंतीची सावली दुपारी उशिरापर्यंत अगदी तोकडी असते.

झाडाखाली बसायचे तर झाड निवडून घ्यावे. बकुळीची सावली दाट, आंब्या-चिकूचीही चांगली, कडुनिंबाची तर काय विचारायलाच नको. नारळाखाली मात्र बैठक करू नका. नारळ नाही पडला तर झावळी पडते. शेवग्याखालीही नको. त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे पुंजकेच्या पुंजके खोडावर बसतात. जांभळाखाली बसायला हरकत नाही, मात्र फळाच्या दिवसांत पांढरे पातळ नेसून नव्हे!

आता उंची. यावर आमच्यात बराच वेळ खल झाला. बाजारात मिळणारे बाक बहुधा सतरा-अठरा इंच उंच असतात. पाच फूट उंचीच्या बाईचे त्यावर पाय अधांतरी राहतात, मांडीच्या खालच्या बाजूला कड रुतते आणि दहा मिनिटांत पायाला मुंग्या येतात. आपण म्हणतो, बाक बाई गैरसोयीचा. बाक चांगला असतो, माप दुसऱ्याचे असते. घरात वापरता त्या चपला घालून खुर्चीवर ताठ बसा आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत टेपने मोजून घ्या. तीच तुमच्या बैठकीची उंची. बऱ्याच जणींची ती पंधरा-सोळा इंच भरेल. रुंदीही अशीच. पंधरा इंच पुरेत. वीस इंची केलीत तर पाठ टेकायला मागे सरकावे लागते आणि पाय पुन्हा उचलले जातात.

"पण आमच्या सासूबाईंचे गुडघे?" एकीने लगेच विचारले. प्रश्न रास्त आहे. गुडघेदुखीच्या माणसाला उंच बैठक बरी, अठरा इंचांची. उठताना जोर कमी लागतो. शेजारी हाताने धरायला भक्कम काहीतरी हवे. यावर एका काकूंनी काढलेला तोडगा मला फार आवडला. त्यांच्या परसाची जमीन मुळात उताराची आहे. त्यांनी बाक सरळ पाणसळीत बांधला. एका टोकाला तो पंधरा इंच भरतो, दुसऱ्या टोकाला अठरा. सासूबाई एकीकडे, त्या दुसरीकडे आणि मध्ये निवडायच्या भाजीची परडी.

स्वतः उभे राहून करून घेता येईल असा साधा बाक सांगते. विटांचे दोन खांब आणि वर एक फरशी, बस. फरशी चार फूट लांब, पंधरा इंच रुंद आणि दीड इंच जाडीची घ्या. शहाबादी चालेल, कडाप्पाही चालेल. हे दोन्ही एका जातीचे, चुनखडीचे दगड. शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादची, तर कडाप्पा आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचा. कडाप्पा काळा असल्यामुळे उन्हात चांगलाच तापतो. जागेला थोडे जरी ऊन येत असेल तर करडी शहाबादी बरी. फरशीवाल्याकडूनच चारी कडा घासून गोल करून आणा, म्हणजे पातळ अडकून फाटणार नाही.

खांबासाठी एक फूट खोल खड्डे घ्या, त्यात विटांचे तुकडे आणि मुरूम घालून पाणी मारून नीट धुमसून घ्या. जमीन काळी असेल तर मात्र दीड-दोन फूट खोल जा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचे बांधकाम बरोबर घेऊन हलते. खांब नऊ इंच रुंद आणि साडेतेरा इंच खोल ठेवला की एका थराला तीन विटा लागतात. एका थरात तिन्ही आडव्या शेजारी शेजारी, त्यावरच्या थरात दोन उभ्या आणि एक आडवी, असे आलटून पालटून केले की सांध्यावर सांधा येत नाही. एक थर जमिनीखाली, चार वर. फरशी धरून उंची साडेपंधरा इंच होते. जास्त उंची हवी असेल तर आणखी एक थर चढवा. म्हणजे दोन्ही खांब मिळून तीस नाहीतर छत्तीस विटा लागल्या; चाळीस आणा, काही फुटतातच. विटा आधी पाण्यात भिजवून घ्या, कोरड्या विटा मालातले पाणी शोषून घेतात. एकास सहा प्रमाणाचा माल धरला तर सिमेंट सात-आठ किलो पुरते, त्यासाठी अख्खी गोणी फोडू नका. शेजारी कोणाचे बांधकाम चालले असेल तर तेवढे मागून आणायला लाज कसली? उद्या त्यांच्या परसात तुमचे मोगऱ्याचे रोप जाणारच आहे.

फरशीच्या टोकांपासून सहा-सहा इंच आत खांब येऊ द्या. दोन खांबांमध्ये दीड फूट अंतर राहते, ते फरशीला झेपते. आणि फरशीला समोरच्या बाजूला पाव इंचाचा ढाळ द्यायला सांगा. गवंडी म्हणेल, कशाला? पावसाचे पाणी साचते आणि शेवाळ धरते, म्हणून. एवढे बोलून त्याच्याजवळ उभ्या राहा. हे अर्ध्या-एक दिवसाचे काम आहे. दोन दिवस सांगितले तर मोजदाद तुमच्याजवळ आहे.

कोकणात राहणाऱ्या मैत्रिणींना विटांची गरजच नाही. जांभा दारात आहे. खाणीतून काढलेला चिरा ताजा असतो तेव्हा मऊ, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवेवर राहिला की कठीण होत जातो. त्या दगडाचा बाक पावसाळ्यात हिरवागार होतो खरा, पण मला तो रंग आवडतो. ज्यांना घसरण्याची भीती वाटते त्यांनी वर शहाबादी टाकावी. गोव्यातली जुनी घरे पाहिलीत ना? दारापुढच्या बाल्कांवात दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधीव बैठका असतात, त्यांना सोपो म्हणतात. समोरासमोर बसल्यावर गप्पा रंगतात, हे त्या बांधणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. आपले बाक मात्र सिनेमाच्या थिएटरासारखे एका रांगेत! दोघींपुरती जागा असेल तर एक लांब बाक करण्याऐवजी काटकोनात दोन आखूड बैठका करा.

झाडाभोवतीच्या कट्ट्याबद्दल दोन शब्द वेगळे सांगायला हवेत, कारण ती सगळ्यांची आवड. पिंपळाच्या पाराची आठवण आपल्या मनात असते आणि तसाच कट्टा दारच्या आंब्याला हवा असतो. पण पाराच्या आत माती असते. हल्ली खोडापर्यंत सिमेंट नाहीतर टाइल्स लावून टाकतात. मुळांना पाणी मिळत नाही, हवाही मिळत नाही, आणि झाड दहा-बारा वर्षांत वाळू लागले की आपण म्हणतो, वाळवी लागली. दिल्लीत रस्त्याकडेची झाडे अशी सिमेंटने आवळल्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले होते. २०१३ साली लवादाने झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायचा आदेश दिला. तेच माप आपण घरी धरावे. खोडापासून निदान तीन फूट सोडून कट्टा बांधा, आत मातीच राहू द्या, आणि ती माती खोडाला वरपर्यंत थापू नका, साल कुजते. जागा कमी असेल तर गोल कट्ट्याचा हट्ट सोडून एका बाजूला साधा बाक ठेवा.

गच्ची आणि गॅलरीवाल्यांनी वरचा विटांचा बाक वाचून लगेच गवंड्याला निरोप धाडू नये. त्या बाकाचे नुसते वजन १५० किलोंच्या आसपास भरते, बसणाऱ्यांचे वेगळे. ज्या गच्चीवर ये-जा असते तिच्या स्लॅबचा हिशेब करताना साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो भार धरलेला असतो. एक फूट जाडीची ओली माती तेवढ्याच जागेत ५०० किलोंपर्यंत जाते. म्हणून गच्चीवर माती कमी, वाळका पाला, उसाचे चिपाड, नारळाच्या शेंड्या जास्त. आणि बसायला लाकडाची किंवा घडीची लोखंडी खुर्ची. जड काही करायचेच असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. इमारत जुनी असेल तर विचारल्याशिवाय काहीच करू नका.

दुसरे त्याहून महत्त्वाचे. गॅलरीत किंवा गच्चीवर कठड्याला लागून बाक कधीही ठेवू नका. कठडा साडेतीन फुटांचा असतो म्हणून आपण निर्धास्त असतो. दीड फुटाच्या बाकावर पोर चढले की त्याच्यापुढे कठडा उरतो दोन फुटांचा. बाक नेहमी घराच्या भिंतीला लावावा. कुंड्यांचे स्टँडही तसेच, मुले पायरीसारखी चढतात. ज्यांच्या घरी नातवंडे सुट्टीपुरती येतात त्यांच्या हे ध्यानात राहत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

जुन्या वस्तूंचे काय काय होते यावर तर आमच्यात चढाओढच लागली. शिलाई मशिनचा बिडाचा जुना स्टँड, वर कडाप्पाचा तुकडा, झाले बागेतले टेबल. त्याला आधी पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइडचा हात द्यावा, वाळला की ऑइलपेंट. हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. जुन्या दाराची सागवानी फळी बाकाला उत्तम. तिला वर्षातून एकदा जवसाचे तेल पुसा आणि पाय मातीत न रोवता दगडावर टेकवा, म्हणजे वाळवीला वाट मिळत नाही. कोकणात माणगा नावाचा भरीव बांबू मिळतो, त्याचे बाक टिकाऊ होतात. मात्र बांबू टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात भिजवून घेतलेला असावा, नाहीतर वर्षभरात भुंगेरे त्याचा भुगा पाडतात. एकीने जात्याची तळी उलटी टाकून तिचे बसकण केले आहे. दुसरीला ते पटले नाही. "ज्याच्यावर आईनं दळलं त्याच्यावर बसायचं?" ती म्हणाली. तिने आपले जाते तुळशीजवळ ठेवले आहे, त्यावर पणती लावते. दोघींचेही खरे आहे.

मोटारीच्या टायरला दोऱ्या गुंडाळून केलेल्या मोढ्यांची सध्या फार हौस आहे. दिसतात छान. पण टायरच्या पोकळीत पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्याला वाढायला आठवडा-दहा दिवस पुरतात. टायर वापरायचाच तर खालून चार भोके पाडा आणि पावसाळ्यात आत घ्या. कुंड्यांखालच्या ताटल्याही दर आठवड्याला उपड्या करून कोरड्या करायच्या. डास असलेल्या बागेत कितीही सुंदर बाक केलात तरी तिथे कोणी टिकणार नाही.

आपल्याला काय सोयीचे पडेल ते कळत नसेल तर सार्वजनिक बागांत जाऊन बसून पाहा. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते. फुले तर सगळेच पाहतात, तुम्ही पर्समध्ये मापाची टेप टाकून जा. ज्या बाकावर बरे वाटेल तो मोजून या. लोक बघतील, बघू देत.

आमच्यातल्या एक मावशी या सगळ्या बोलण्यात फारशा पडल्या नव्हत्या. निघताना त्यांनी सांगितले, की दिवाळीनंतर त्यांनी पेरूखाली बाक करून घेतला. बाहेरगावी शिकणारा मुलगा म्हणाला होता, एकटी तर असतेस, बाक कशाला? "त्याला काय सांगू?" मावशी म्हणाल्या. "तीस वर्षं त्या बागेला पाणी घालतेय. पण बागेत बसून माझं घर कसं दिसतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी केवढीशी आहे गं!" त्या आता ती खिडकी मोठी करून घेणार आहेत. मुलाला अजून कळवलेले नाही.

तुमच्या घरीही कोणीतरी 'कशाला' म्हणेलच. त्यावर वाद घालू नका. विटा आणून ठेवा. आलेल्या विटा पुन्हा परत पाठवायचा उत्साह कोणाला नसतो. आणि बाक झाल्यावर त्यावर वाळवणाचे ताट, कपड्यांची बादली, पोरांची दप्तरे ठेवायला पहिल्या दिवसापासून बंदी करा. एकदा बादलीने जागा धरली की ती सोडत नाही.

एवढे मात्र सांभाळा. बांधकाम झाले की सात दिवस सकाळ-संध्याकाळ खांबांवर पाणी मारायचे, दुपारी ओले गोणपाट गुंडाळायचे, आणि तोवर कोणी बसायचे नाही, तुम्हीसुद्धा. मांजर बसेल. तिच्या वजनाने काही होत नाही.